कमरजहाँचं माहेर

कमरजहाँ पहाटे गेली आणि ऊन अंगणात उतरायच्या आत फुफीनं, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेनं, तो प्रश्न विचारलाच. मय्यतीच्या उशाशी बसून, हातातली तसबीहची जपमाळ न थांबवता.

"कफनाचं कापड माहेराहून येणार ना? की दुकानातून आणवू?"

खोलीतल्या बायका खाली बघायला लागल्या. जुन्नरच्या त्या मोहल्ल्यात बाईचं शेवटचं कापड तिच्या भावानं आणायचं, अशी रीत. आणि कमरजहाँ ही निकाहाआधीची आरती, अवसरी बुद्रुकच्या भिमाजीची लेक. फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या तय्यबशी तिनं लग्न केलं, तेव्हा बापानं आणि गोरख नावाच्या भावानं तिच्या नावानं अंघोळ केली होती. मेली म्हणून. फुफीला हे ठाऊक नव्हतं थोडंच! जखमेवर मीठ चोळायची संधी तिनं कधी वाया घालवली नव्हती.

कमरजहाँची एकुलती एक मुलगी फरहा. लोकांना वाटतं, अशा पोरीची मजा. ईदचा शीरखुर्माही तिचा आणि दिवाळीची करंजीही तिची. कसली डोंबलाची मजा! जुन्नरला ती 'हिंदू बाईची पोर' आणि एकदा अम्मीचा हात धरून अवसरीच्या यात्रेला गेली, तर तिथं 'मुसलमानाची पोर'. गोरखनं त्या दोघींना पाहून तोंड फिरवलं होतं. तेव्हापासून फरहा त्याला 'तो अवसरीवाला' म्हणायची. पण अम्मीनं आजारपणात एकच गोष्ट मागितली होती. "कापड माझ्या भावाचं घाल गं. एवढं कर."

फरहा बाहेर गेली आणि तिनं फोन लावला. "तुमची बहीण गेली. संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर नेणार आहेत. कापड घेऊन या." पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

आणि तो आला की! दुपारी मोटरसायकल दाराशी लावून, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. कोणाकडे न बघता त्यानं पिशवी उघडली. आत हिरवीगार साडी, खण, बांगड्या, कुंकवाची पुडी.

"हे काय?" फुफी कडाडली. "कफन पांढरं असतं!"

"पांढरं?" गोरखचे डोळे लाल झाले. "नवरा जिता हाय तिचा. भरल्या कपाळानं गेल्याली बाई, तिला रांडमुंडीवानी पांढरं? माज्या हातानं भनीला पांढरं देनार न्हाई."

"आमच्यात रंगीत चालत नाही."

"तुमच्यात काय चालतं ते मला नका सांगू. दुसऱ्याची भन पळवल्याली चालती, ह्ये ठावं हाय."

तय्यब कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. थोरल्या बहिणीपुढं तो जन्मात बोलला नव्हता, मेव्हण्यापुढं काय बोलणार! फरहाला दोन्हीकडच्या रीती कळत होत्या, म्हणूनच तिला दोघांचाही संताप आला.

"पेठेत दुकानं उघडी आहेत," ती गोरखला म्हणाली. "पांढरं कापड आणा. तिला तुमच्या हातचं हवं होतं."

"न्हाई. भिमाजीच्या लेकीला शेवटचं लुगडं माहेरचं मिळालं न्हाई, आसं गावात कुनी म्हनाय नको, म्हनून आलो. नेसवा, न्हायतर तुमी आन् तुमची रीत." पिशवी तिथंच टाकून तो बाहेर पडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते असं.

"याला म्हणायचं माहेर!" फुफीनं दुकानात माणूस धाडला. कमरजहाँला दुकानातल्या पांढऱ्यात गुंडाळलं गेलं.

जनाजा उचलायच्या वेळी मशिदीची हिरवी चादर आली. फरहानं साडीची घडी मोडली.

"ही पण हिरवीच आहे."

"जनाज्यावर साडी? लोक हसतील!"

"आयुष्यभर हसलेच की. वरून घालायचीय, कबरीत नाही."

फुफीनं भावाकडं पाहिलं. तय्यब उठला आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत त्यानं साडीचं दुसरं टोक धरलं.

गोरख गल्लीच्या पलीकडं मोटरसायकलीजवळ उभाच होता. साडी पाहून त्यानं टोपी काढली. खांदा द्यायला तो पुढं झाला नाही आणि त्याला कोणी बोलावलंही नाही.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. पुरुष परतले, तेव्हा तय्यबनं साडी फरहाच्या हातात दिली. काठाला माती लागली होती. ती तशीच घेऊन फरहा गल्ली ओलांडून, अजून तिथंच उभ्या असलेल्या गोरखकडं गेली.

"बघितलंत ना? आता गावात छाती काढून सांगा. घ्या तुमची साडी."

"दिल्यालं माघारी घेत न्हाईत, पोरी. तुला ऱ्हाऊ दे."

"तुमच्या घरचं मला काही नको. पुन्हा या दारात येऊ नका."

त्यानं गाडीला किक मारली आणि तो गेला.

साडी मात्र फरहाच्या हातातच राहिली होती. आतल्या खोलीत जाऊन तिनं दाराला कडी घातली, साडीत तोंड खुपसलं आणि तोंडाला येतील त्या शिव्या त्याला दिल्या. मेल्या मामा, मुडदा बशिवला तुझा, एका भाऊबीजेला तरी यायचं होतंस रे मामा. जन्मात पहिल्यांदा ती त्याला मामा म्हणत होती, आणि त्याची मोटरसायकल एव्हाना वेशीपार गेली होती.