हिरव्या दिव्यापुढची रिकामी खुर्ची

मी एक जुने ओकचे मेज आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या एका विधानसभेत, दोन आमदारांत मिळून एक. मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. सभागृहात आयुष्य काढले की हे वाक्य आपल्यालाच खोटे वाटू लागते.

नवे होते तेव्हा मला मेण लावून चमकवत. पुढे माझ्यात बटणे बसवली. हिरवे होकाराचे, लाल नकाराचे. दाबले की समोरच्या फलकावर आमदाराच्या नावापुढे दिवा लागे. तेव्हापासून मी बोटे ओळखू लागले.

डावीकडे एमिल द्वोराचेक आले. ते वकील. आपल्या खोऱ्यात धरण बांधू पाहणाऱ्या कंपनीला त्यांनी कोर्टात लोळवले, म्हणून खोऱ्याने त्यांना निवडून दिले. माणूस फारच स्वच्छ होता. मला तिथेच शंका आली. उजवीकडे क्लाइड बॅगेट. शेजारी बाहेर गेला तर त्याचे बटण आपण दाबायचे, ही इथली रीत. तिला सौजन्य म्हणतात. एमिलही ते लवकर शिकले.

एके दिवशी त्याच धरणाला परवानगी देणारे विधेयक आले. एमिल कंपनीच्या माणसाशी बोलायला बाहेर गेले होते. काय बोलले? मेजाला दाराबाहेरचे दिसत नाही. इकडे क्लाइडने त्यांचे हिरवे दाबले आणि विधेयक एका मताने मंजूर झाले.

एमिल धावत आले. "गाढवा, लाल दाबायचं होतं!"

"मग सांगून जायचंस ना, वकीलसाहेब."

"मी हरकत घेतो. मी जागेवर नव्हतो, मत रद्द होईल."

"घे की! मग काल माझं बटण कोणी दाबलं, तेही सांग. मी तर मासे पकडत होतो."

सभापतींनी विचारले, "कोणाची हरकत?"

प्रेक्षकांच्या सज्जातून खोऱ्यातली रोझीनामावशी ओरडली, "खुर्ची रिकामी होती, मी बघितलंय! एमिल, उठ की रे! घर बुडतंय माझं!"

एमिल अर्धे उठले होते. ते खाली बसले आणि माझ्यावर कोपर टेकून कागद चाळू लागले. सभापतींचा हातोडा पडला, मत कायम झाले.

खोरे पाण्याखाली गेले. एमिल पुन्हा निवडून आले. नाराज मतदार तोवर दुसऱ्या मतदारसंघांत पांगले होते. सभागृहात मात्र सुधारणा झाली. सज्जाला जाड काच बसवली. वरून सगळे दिसते, ओरडलेले खाली येत नाही.

आता मी तळघरात आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. तेवढी ती काच काढा.