गुरुबसव गाव निवडतो

संतपूरच्या गुरुबसवने पोरीच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं तेव्हा त्याची मुलगी मल्लेश्वरी सातवीत होती. ती दहावी पास झाली तरी त्याचं गाव ठरत होतंच. बायको शैलश्रीने पहिल्या वर्षी त्याच्या या कामाचं कौतुक केलं, दुसऱ्या वर्षी वाट बघितली, आणि तिसऱ्या वर्षापासून तिला नवऱ्याच्या अभ्यासाची कीव येऊ लागली.

त्याची तऱ्हा ठरलेली होती. रविवारी पाईप-मोटारीचं दुकान बंद करायचं, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि मोटारसायकल काढायची. ज्या गावाची पाहणी करायची तिथल्या स्टँडजवळच्या हॉटेलात बसायचं, दोन चहा प्यायचे, गल्ल्यावरच्या माणसाला चार प्रश्न विचारायचे आणि परत यायचं. शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यातलं काही तो बघून आल्याचं शैलश्रीने कधी ऐकलं नाही. रात्री जेवताना मात्र निकाल जाहीर व्हायचा. बीदरची माणसं दिखाऊ. कलबुर्गीत उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. जसं काही संतपूरच्या उन्हाळ्यात हा शाल पांघरून बसत होता. जहीराबादला तेलुगूवाचून अडतं. भालकी म्हणजे मोठं झालेलं खेडं. उदगीरला गेलं तर राज्य बदलतं आणि पोरीचं कर्नाटकातलं आरक्षणाचं सर्टिफिकेट हातचं जातं. हे एकच कारण खरं होतं, आणि तेही त्याला पोरीच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं.

सासरे शिवशंकरप्पा प्रत्येक निकालाला मान डोलवायचे. मुलाने उद्या चंद्रावरचं पाणी खारट आहे असं सांगितलं असतं, तरी त्यांनी डोलवली असती.

मल्लेश्वरीला पुढे सायन्स घ्यायचं होतं. दहावीचा निकाल चांगला लागला. कॉलेजचे प्रवेश सुरू झाले. तेव्हा कुठे गुरुबसवने जाहीर केलं की गाव सापडलं, आणि सगळ्यांना भाड्याच्या गाडीत घालून दाखवायला नेलं.

ते गाव नव्हतंच. हायवेला लागून माळरानावर कुणीतरी प्लॉट पाडले होते. सिमेंटची भलीमोठी कमान होती, तिच्यावर दोन सिंह होते, आणि एका सिंहाचा जबडा पडला होता. आत खांबांना प्लास्टिकच्या नारळाच्या झावळ्या लावल्या होत्या. पोहायच्या तलावात चार शेळ्या उभ्या होत्या. बसवप्रभू नावाचा दलाल काळा चष्मा लावून पुढे आला. तो अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत होता, आणि सगळं गुरुबसवशीच. इथं विमानतळ येणार, इथं मोठं हॉस्पिटल येणार, असं सांगत त्याने माळाच्या चारी दिशांना हात फिरवला. गुरुबसव त्या हाताबरोबर वळत होता आणि मोठमोठे श्वास घेऊन हवेची तारीफ करत होता. सासऱ्यांना कमान पसंत पडली.

शैलश्रीने कॉलेज किती लांब आहे म्हणून विचारलं. बसवप्रभूने गुरुबसवकडे बघून उत्तर दिलं की सर, दोन वर्षांत कॉलेजच इथं येईल.

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. मागच्या बाजूला वॉचमनची पत्र्याची खोली होती. त्याची बायको चन्नव्वा पिंपातून तांब्याने पाणी काढत होती. शैलश्रीने तिला विचारलं, पाणी कुठून येतं?

"टँकर येतंय, अक्का. आठवड्याला दोनदा. कधी कधी एकदाच," चन्नव्वा म्हणाली.

"आन् ऱ्हायला कोण कोण हायत?"

"कोण न्हाई. आलाव तर तुमीच पयले."

घरी परतल्यावर गुरुबसव उद्याच विसार द्यायच्या गोष्टी करू लागला. शैलश्रीने टँकरचं सांगितलं. तो म्हणाला, वॉचमनच्या बायकोला गावाची पारख काय कळते. तिने सांगितलं की शुक्रवारी प्रवेश बंद होतायत.

"मग एक वर्ष घरी बसली तर काय बिघडतंय? वर्षभरात घर उभं करतो," गुरुबसव म्हणाला.

मल्लेश्वरी भाकरीचा तुकडा हातात धरून बापाकडे बघत राहिली. शिवशंकरप्पांनी मान डोलवली.

शैलश्री आवाज न चढवता बोलली. "तीन वर्षं तुमी गावं बघायलाव. पोरीकडं एकदा बघितलाव का? ती कामून थांबावी तुमच्यासाठी?"

गुरुबसवने तिला घाई करू नकोस म्हणून समजावलं. असले निर्णय जन्मात एकदा घ्यायचे असतात, म्हणाला, आणि मोबाईलवर विमानतळाची बातमी शोधत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलश्रीने मल्लेश्वरीचे कागद पिशवीत घातले आणि दोघी बस धरून भालकीला गेल्या. दुपारी बारापर्यंत प्रवेश झाला. कॉलेजमधल्या शिपायाने जवळच माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या असल्याचं सांगितलं. मालकीण गुरुबाई एकटी राहणारी, बोलायला फटकळ. शैलश्रीने तिला तीन गोष्टी विचारल्या: नळ किती वाजता येतो, शेजारी कोण, आणि संध्याकाळी पोरगी एकटी चालत येऊ शकते का. गुरुबाईने उलट एकच विचारलं, नवरा दारू पितो का.

"न्हाई. गावं बघतो," शैलश्री म्हणाली.

तीन वाजता तिच्या हातात चावी होती. नवऱ्याला तीन वर्षं न जमलेलं काम तिने एका दिवसात उरकलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण परतीच्या बसमध्ये तिला स्वतःचाच राग येत राहिला. हे काम इतकं सोपं आहे हे तिला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. तीही तर तीन वर्षं जेवताना निकाल ऐकत बसली होती.

घरी तिने सांगितलं तेव्हा गुरुबसवचा चेहरा उतरला. मला न विचारता, असं तो दोनदा म्हणाला. मग आधाराला बापाकडे वळला. शिवशंकरप्पांनी सुनेच्या हातातली चावी बघितली आणि सवयीने मान डोलवली.

सोमवारी टेम्पोत भांडी, गाद्या आणि शैलश्रीचं शिलाई मशीन गेलं. सासरेही टेम्पोत बसले. गुरुबसव रागाने दुकानाच्या मागच्या खोलीत राहिला. दोन आठवडे हॉटेलचं खाऊन पोट बिघडलं, तेव्हा एका संध्याकाळी भालकीला आला. जिना अरुंद आहे म्हणाला, गल्लीत डास आहेत म्हणाला, आणि दोन वाढीव भाकऱ्या खाऊन झोपला. पुढे तो तिथूनच रोज दुकानाला जाऊ लागला.

दसऱ्यापर्यंत त्याची भाषा पालटली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा की तीन वर्षं अभ्यास केला, दहा गावं पालथी घातली आणि मग भालकी निवडली. शैलश्री मशीनवर ब्लाऊज शिवत सगळं ऐकायची. खोडून काढण्याइतकी किंमतही तिने त्या बोलण्याला दिली नाही.

एका रविवारी चिंताकीचा सिद्धप्पा सल्ला विचारायला आला. त्यालाही पोरीसाठी बिऱ्हाड हलवायचं होतं. गुरुबसवने खुर्ची पुढे ओढली आणि बीदरपासून सुरुवात केली. हवा, माणसं, भविष्य असं बोलता बोलता, येत्या रविवारी आपण दोघं मिळून एकेक गाव बघू, असंही ठरवून टाकलं.

शैलश्री चहा घेऊन बाहेर आली. तिने सिद्धप्पाला विचारलं, पोरगी कितवीला?

"नववीला," तो म्हणाला.

"मग रविवारची वाट बघू नका, अण्णा. उद्या बायकोला पाठवून द्या माझ्याकडं. संध्याकाळपर्यंत घर बघून देते."

सिद्धप्पाने एकदा गुरुबसवकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाला, "किती वाजता पाठवू, अक्का?"