वहीतलं नाव

माझ्या गाडीला कधी कुणाचा दोर लागला नाही, असं मी सव्वीस वर्षं सांगत आले. पठारावर, हिमनदीवर, मार्चच्या भुसभुशीत बर्फात, कुठेही. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण मी काही थांबत नसे.

आमच्याकडे रीतच तशी आहे. ज्याच्या गाडीला टोचन करावं लागतं, त्याने डोंगरातल्या झोपडीत पोहोचल्यावर तिथल्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं: कुठे रुतलो, कुणी ओढलं. आमच्या जुन्या मित्राचं, स्नायब्योर्नचं नाव त्या वहीत नऊ वेळा आहे. माझं तोवर एकदाही नव्हतं. आणि त्याची मला भारी मिजास होती.

त्या शनिवारी आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. पुढे स्नायब्योर्न आणि त्याची बहीण थोर्दिस, मागे मी आणि माझा नवरा केटिल. ऑक्टोबरमध्ये केटिलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरीणबाई मलाच म्हणाल्या होत्या, "फिरायला न्या, पण फावडं हातात देऊ नका." मी शब्द दिला. तो घरात खिडकीशी बसून बसून आंबला होता, म्हणून तर हा बेत.

रस्ता संपला तिथे चाकांतली हवा सोडली, पंचवीस पौंडांवरून तीनवर. कमरेएवढी चाकं पसरून चपटी झाली आणि गाडी बर्फात न बुडता वरून चालायला लागली. केटिल वाळका मासा लोण्यात बुडवून चघळत होता, मध्येच एक तुकडा माझ्या तोंडात कोंबत होता. मला फार बरं वाटत होतं.

मग मी माती खाल्ली.

आभाळ आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची झाली होती. स्नायब्योर्न उंचवट्याला वळसा घालून पलीकडे गेला. त्याच्या चाकोरीतून मुकाट जायचं सोडून मी खालच्या सखल भागातून सरळ गाडी घातली. मला दुसऱ्याच्या चाकोरीतून जायचा कंटाळा येतो, दुसरं काय! निम्म्यात पोहोचलो आणि गाडीचं नाक खाली गेलं. वर कोरा बर्फ आणि खाली गुडघाभर गार रबडा, ज्याला आमच्याकडे क्रापी म्हणतात. क्षणात पाणी दाराच्या पायरीला लागलं.

वायरलेसवर स्नायब्योर्नचा आवाज आला. "काय गं ओद्नी, कुठे राहिलात?"

"कॉफी पितोय," मी म्हटलं. "तू हो पुढे."

केटिलने माझ्याकडे पाहिलं. "कॉफी?"

"दहा मिनिटांत काढते. तू बस."

"अगं, बाहेर उणे बारा आहे. चाकांभोवती पाणी गोठलं की गाडी मे महिन्यापर्यंत इथेच राहील."

"बस म्हटलं ना!"

मी उतरले. पाणी बुटांवरून आत शिरलं. पुढच्या चाकाजवळचा रबडा उपसायला लागले. एक फावडं काढावं, तर दीड फावडं परत आत यायचं. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. वही डोळ्यांपुढून हलत नव्हती. स्नायब्योर्नचं बत्तीस दात दाखवणारं हसू दिसत होतं. पाठ मोडायला आली तरी मी हटेना.

मागच्या बाजूने आवाज आला, खरड, खरड. मी वळसा घालून गेले तर केटिल गुडघाभर पाण्यात उभा. हातात दुसरं फावडं. चेहरा राखेसारखा, आणि ओठ निळसर.

"तू एकटी किती करशील?" तो म्हणाला. वाक्य पुरं करताना त्याला मध्येच श्वास घ्यावा लागला.

मी पाणी तुडवत त्याच्याकडे धावले. फावडं फेकलं, त्याला काखेत धरून गाडीत चढवलं आणि वायरलेस उचलला. "स्नायब्योर्न, ये. रुतलोय. खोटं बोलले मी. केटिल पाण्यात उतरला होता."

"आलो."

एवढंच. टोमणा नाही, हसू नाही. त्या माणसाच्या तोंडून एका शब्दाचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यानेच जास्त घाबरले.

बारा मिनिटांनी त्याची गाडी उंचवट्यावरून उतरली. थोर्दिस सुईण आहे. तिने केटिलला आपल्या गाडीत घातलं, ओले मोजे ओरबाडून काढले, हीटर पुरता सोडला आणि त्याच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे पाहत राहिली. मी दाराशी उभी. माझे पाय बधिर झाले होते, ते मला कळतही नव्हतं.

"नाडी बरी आहे," ती म्हणाली. "गारठलाय आणि दमलाय, बाकी काही नाही. आणि ओद्नी, तू गाढव आहेस."

"आहे," मी म्हटलं.

स्नायब्योर्नने दोर लावला. पहिल्या झटक्याला गाडी नुसती कण्हली. दुसऱ्याला हलली. तिसऱ्याला सगळं पाणी अंगावरून झटकत बाहेर आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, मोठ्याने. गाडीसाठी नव्हे.

झोपडीत शेगडी पेटली. केटिलच्या गालांवर रंग आला, मग त्याने भाकरीवर धुरावलेलं मटण मागितलं, आणि मग आणखी एकदा मागितलं. तेव्हा कुठे माझ्या छातीवरचा दगड उतरला. स्नायब्योर्नलाही ते कळलं असावं, कारण त्याच मिनिटाला त्याची टोमण्यांची गाडी सुरू झाली.

"काय मग ओद्नीबाई, कॉफी कशी होती? जरा पातळ झाली का?"

"घाल, मीठ घाल जखमेवर."

"सव्वीस वर्षं वाट पाहिली, बाई! पेन देऊ की तुझं तू आणलंयस?"

ते टोमणे मला त्या दिवशी इतके गोड लागले की काय सांगू! तो चिडवतोय म्हणजे सगळं ठीक आहे. मी वही ओढली, तारीख घातली आणि लिहायला लागले: आज पहिल्यांदा माझ्या गाडीला...

केटिलने माझा हात धरला. "पहिल्यांदा लिहू नकोस."

"म्हणजे?"

"वहीत खोटं लिहीत नाहीत." तो खाली मान घालून म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वी तू बहिणीकडे गेली होतीस ना, तेव्हा मी तुझी गाडी काढली होती. नदीच्या काठी रुतवली. यानेच ओढली. मी वहीत लिहिलं नाही, आणि हातापाया पडून यालाही गप्प बसवलं."

मी स्नायब्योर्नकडे पाहिलं. तो शेगडीत उगाच लाकूड सरकवत होता. ज्या माणसाला अकरा मिनिटं गप्प बसवत नाही, त्याने अकरा वर्षं माझ्या बढाया ऐकल्या, आणि हुकमाचं पान एकदाही टाकलं नव्हतं.

"तुझ्या पोटात राहिलं कसं रे?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू फुशारकी बंद केली असतीस," तो म्हणाला. "मग वाटेत आम्ही हसायचं कशाला?"

मी 'पहिल्यांदा' खोडून 'दुसऱ्यांदा' केलं, जागेचं नाव घातलं, ओढणाऱ्याचं नाव ठळक अक्षरात काढलं आणि सही केली. मग वही केटिलपुढे सरकवली. "तुझंही राहिलंय. लिही."

त्याने पेन घेतलं आणि अकरा वर्षांपूर्वीची ती नदी लिहून काढली. मी अक्षराकडे पाहिलंच नाही, त्याच्या हाताकडे पाहत होते. तो जराही थरथरत नव्हता.