महाराजांच्या बाह्या

अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या गल्लीत भर मे महिन्यात दोनशे माणसं रांगेत होती, आणि मंडपात पाटावर एक दगड बसला होता. काळपट, लिंबाएवढा, पोटात सोनेरी केसांचा झुबका.

"शंकराची जटा," जटाधारी महाराज सांगायचे. "दगडात वाढतेय."

दगड लिंबाच्या पाण्यात भिजवायचा, त्या पाण्याचं फडकं दंडाला बांधायचं. पुरळ उठलं की पाप बाहेर पडलं. नाही उठलं तर माणूस मुळातच पुण्यवान. दोन्हीकडून महाराज पास.

नाथा उल्हासनगरात पट्ट्यांच्या बकलांना निकेलचा मुलामा द्यायचा. तीस वर्षं झाली. एका बुधवारी बहीण विठानं त्याला दंड दाखवला.

"दादा, पाप निघालं. शुगरची इंजेक्शनं बंद केली मी."

दंडावर पुरळ होतं. पायाच्या बोटावरची जखम काळी पडत चालली होती.

"ही निकेलची खाज आहे, विठे. तसं बघितलं तर आमचा अख्खा कारखाना पापी."

"तुला टिंगलच सुचते."

रविवारी, गर्दी फुल असताना, नाथा मंडपात शिरला. खिशात फुटकी टाइल आणि एक बाटली.

"महाराज, जटा सोन्याची ना? टाइलच्या खरखरीत बाजूवर घासू? सोन्याची रेघ सोनेरीच उमटते."

लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. रेघ उमटली हिरवट काळी.

"देवाचं सोनं वेगळं असतं, बेटा."

"असेल. आता पाणी बघू."

लिंबाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसावर त्यानं निकेल ओळखायचं औषध टाकलं. कापूस गुलाबी झाला. लोकांनी हात जोडले.

"कुंकू उमटलं बघा," रांगेत पुढे उभी असलेली कमळाबाई पुटपुटली.

नाथानं आपल्या पट्ट्याच्या बकलावर तेच औषध चोळलं. तेही गुलाबी.

"मग माझ्या बकलात पण देवी आहे, मावशी. लावा रांग."

कोणीतरी हसलं.

"आणि महाराज, एवढ्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत?"

उत्तर यायच्या आत नाथानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओढल्या. हात सोलल्यासारखे लाल, खाजवून खाजवून खपल्या धरलेले.

"बघा. ह्यांचं पाप अजून संपेना."

मग त्यानं सांगितलं. ह्या दगडाचं नाव मिलेराइट. निकेल आणि गंधकाचं खनिज, खडकाच्या पोकळीत आपोआप केसांसारखं वाढतं, दिसतं पितळेसारखं. लिंबाच्या आंबटपणानं थोडं निकेल पाण्यात उतरतं, आणि ज्याच्या कातडीला ते सोसत नाही त्याला पुरळ उठतं. पापबिप काही नाही.

कमळाबाईनं बादलीतली सगळी फडकी महाराजांच्या सोललेल्या हातांवर करकचून बांधली. पोलीस येईपर्यंत कोणी सोडू दिली नाहीत. महाराज गुरासारखे ओरडत होते. नाथा पोट धरून हसला.

सोमवारी डॉक्टरांनी विठाच्या पायाची दोन बोटं कापली. चार दिवस आधी आणलं असतं तर वाचली असती, म्हणाले.

"दादा," विठानं विचारलं, "तुला तर बुधवारीच कळलं होतं ना?"

तमाशा रंगावा म्हणून नाथा रविवारपर्यंत थांबला होता.

तेव्हा मंडळी, शंका आली की त्याच दिवशी विचारा, आणि माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गर्दी जमायची वाट बघू नका.