डाव्या बुटातलं जोडवं

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही डावा. माझा जोडीदार उजवा शेजारीच असतो, पण त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून तो गप्प बसतो. आम्ही लखनौला चिनहटमधल्या एका फ्लॅटच्या गॅलरीत राहतो, वॉशिंग मशीन आणि झाकून ठेवलेल्या कूलरच्या मध्ये. माझ्या तळाच्या खाचांत अजून थोडी तांबडी माती अडकलेली आहे. ती इथली नाही, अमेरिकेतली आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. मला मिरवावंसं वाटत नाही, खरं तर हल्ली फारसं काहीच वाटत नाही. पण झालं ते तुम्हाला कळलेलं बरं, कारण तुमच्या घरातही कुणाला ना कुणाला पाय असतीलच.

माझा जन्म आग्र्याच्या एका कारखान्यात झाला. जाड चामडं, रबरी तळ, घोट्याच्या वर येणारी उंची आणि नाडीसाठी धातूचे आकडे. डोंगरात चालणाऱ्यांसाठी म्हणून मला बनवलं आणि पाठवलं लखनौला, जिथं चढ म्हणून फक्त फ्लायओव्हर आहेत. अमीनाबादच्या एका दुकानात मी वरच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. लोक येत, खालच्या चपला घेत आणि जात. माझ्याकडे बघायला मान वर करावी लागते, तेवढी फुरसत कुणाला?

थंडी सुरू होताना एक जोडपं आलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले दयाराम तायडे आणि त्यांची पत्नी सुभद्रा. मूळचे अकोल्याकडचे, पण नोकरीमुळे सगळी उमर लखनौत गेलेली. दुकानदार त्यांना साहब म्हणाला, म्हणून मीही त्यांना साहेबच म्हणतो. बाईंनी थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"ये पहाड़ का जूता है, आंटी जी," दुकानदार म्हणाला. "लखनऊ में पहन के कहाँ जाइएगा?"

"अमेरिका जाएँगे. चलने," बाई म्हणाल्या.

तो हसला, पण मला खाली काढलं. बाईंनी साहेबांना एक नंबर मोठं माप घ्यायला लावलं. त्यांच्या घरात बूट मोठेच घ्यायची पद्धत होती, जाड मोजे मावतात म्हणून. त्यामुळे माझ्या टोकाशी बोटभर जागा कायम रिकामी राहिली. ती जागा तेवढी लक्षात ठेवा. बाईंसाठीही लहान मापाचा एक जोड घेतला होता. तो आता कुणाकडे आहे, मला ठाऊक नाही.

अमेरिकेचं खूळ बाईंचंच. मुलगी रुचिरा टीव्हीवर त्यांना चालण्याचे व्हिडिओ लावून द्यायची. त्यात कुणी बोलत नाही, नुसती तांबड्या दगडांच्या उंच भिंतींमधून वाट पुढे सरकत राहते. मटार सोलता सोलता बाई तेच बघत बसायच्या. त्यातली एक अरुंद घळ त्यांच्या मनात भरली होती. मग त्यांनी पुण्याची एक सहल कंपनी शोधली. वाळवंटातल्या दऱ्याखोऱ्यांची उद्यानं, सोबत वाटाड्या, सगळी मंडळी मराठी. बाई म्हणाल्या, "चालणं तर होईलच, पण दोन आठवडे पोटभर मराठीही बोलता येईल. इथं आपली पोरगीही हिंदीत उत्तर देते."

सरावाला आम्ही रोज सकाळी नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या काठानं जायचो आणि चढ हवा म्हणून फ्लायओव्हरवर. नवा बूट चावतो, हे तुम्हाला माहीत आहे. मीही चावलो. अशा वेळी माणूस लंगडतो, बूट काढून बघतो. साहेब चालतच राहिले. मला वाटलं, काय दमाचा गडी आहे. घरी आल्यावर बाईंनी मोजा काढला तर टाचेवर हा एवढा फोड.

"अहो, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"सुन्न पडतो गं पाय," साहेब म्हणाले. "शुगरचं आहे. बरेच दिवस झाले."

बाईंना धक्का बसला, पण त्या रडत बसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी चष्मा लावून साहेबांचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि बोटांच्या बेचक्यांतूनही बघायच्या. सकाळी घालायच्या आधी मला उलटं करून फरशीवर दोनदा आपटायच्या. ठक, ठक. आत खडा असो की झुरळ, बाहेर पडलंच पाहिजे. मला ते आपटणं आवडायचं. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला जे काही आलं ते तेवढंच.

जानेवारीत बाई गेल्या. धुक्याचे दिवस होते. सकाळी त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि दुपारी दवाखान्यातल्या नर्सनं त्यांची दोन्ही जोडवी कागदात बांधून साहेबांच्या हातात दिली. अंगठ्याशेजारच्या बोटातली चांदीची जोडवी, वापरून झिजलेली, टोकं उघडी. एक रुचिरानं ठेवलं, एक साहेबांनी. मी दाराशी होतो. पुष्कळ चपला आल्या आणि गेल्या. मला काही वाटलं नाही, आणि साहेबांकडे बघून वाटायचं की त्यांनाही काही वाटत नसावं. ते वेळेवर जेवत, वेळेवर गोळी घेत आणि टीव्हीवर ती तांबडी वाट लावून बसत.

सहल एप्रिलात होती. रुचिरा म्हणाली, "पापा, आप जाइए. मम्मी का मन था." साहेब बरं म्हणाले. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो त्यांच्यात नव्हता. तिला बँकेतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून ते एकटेच निघाले.

सामान त्यांनी स्वतः भरलं, जन्मात पहिल्यांदा. बाई भरायच्या तेव्हा म्हणायच्या, "बुटातली जागा काहून वाया घालवायची?" आणि मोजे, डब्या, काय काय आमच्यातच कोंबायच्या. साहेबांचा हातही तसाच चालला. जोडवं रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या टोकाशी सारलं, वर मोजे कोंबले. घळ दिसली की ते खिशातून काढायचं आणि बाईंना घळ दाखवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण हात भरत होता तेव्हा डोकं तिथं नव्हतं. तिकडे पोचल्यावर त्यांनी मोजे ओढून काढले, रुमाल ओढताना सुटला आणि जोडवं आतल्या गादीच्या कडेखाली माझ्या टोकातच राहिलं. मग ते बॅग उपसून शोधत बसले. रुचिराला फोन केला, टेबलावर बघ, कपाटात बघ. तिला कुठून सापडणार? साहेब म्हणाले, "राहू दे. लखनौतच विसरलो." आणि पलंगावर बसून राहिले.

ते इथं आहे, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण बुटाला जीभ असते ती नुसती नावाची.

पहिल्या दिवशी आम्ही कड्यावर उभे राहिलो. खाली तांबड्या, केशरी दगडांचे खांब, दूरवर नुसती उघडी दरी, आणि झाड तर शोधूनच काढावं लागेल. पुण्याहून आलेला टूर लीडर विपुल, चांगला पोरगा, सगळ्यांची विचारपूस करत फिरत होता.

"काका, कसं वाटतंय?"

"सगळं सुन्न पडलंय," साहेब म्हणाले.

विपुल हसला. "पहिल्यांदा बघताना सगळ्यांचं असंच होतं, काका."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, भाऊ," शेजारी उभ्या असलेल्या, सहलीतल्याच वासंतीबाई म्हणाल्या. "मी तर शब्दच विसरले."

मित्रांनो, घोटाळा तुमच्या लक्षात आला का? पुण्याच्या मराठीत माणूस सुन्न होतो, मन सुन्न होतं, आणि पाय बधिर होतो. लखनौत मात्र पायही सुन्नच पडतो. साहेबांनी सांगितली लखनौची मराठी आणि ऐकणाऱ्यांनी ऐकली पुण्याची. साहेबांना ते कळलं. पण त्यांनी ते सुधारलं नाही. खरं सांगितलं असतं तर विपुलनं त्यांना बसमध्ये बसवलं असतं, आणि बाईंची घळ सहलीच्या शेवटाकडे होती. ज्यांच्याशी पोटभर मराठी बोलायचं होतं, त्या माणसांत साहेब रोज तोच एक शब्द बोलत राहिले. मंडळीही मग कौतुकानं म्हणायची, तायडेकाका किती भारावलेत बघा.

घळीचा दिवस उजाडला. रोजच्यासारखाच त्या दिवशीही मला कुणी आपटलं नाही. वाट थेट खाली उतरत होती, मोकळ्या खडीवरून. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो. टोकाशी जागा होतीच. गादीची कड उचकली आणि जोडवं निसटून साहेबांच्या बोटाखाली आलं. त्याची उघडी टोकं वर होती.

पहिल्या पावलाला मला कळलं, साहेबांना नाही. मी जमेल तेवढा पाय आवळून धरला, मग सैल पडलो, एका दगडावर मुद्दाम घसरलो. साहेबांनी नाडी घट्ट केली आणि पुन्हा चालू लागले. थोड्या वेळानं मोजा ओला झाला. ऊन मी म्हणत होतं आणि हवेत ओलावा नावाला नव्हता, त्यामुळे ते रक्त लवकर सुकायचं आणि परत ओलं व्हायचं.

घळीत सावली होती. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढीच वाट. मंडळी फोटो काढत पुढे गेली. साहेब मागे थांबले. त्यांनी नकळत खिशात हात घातला आणि तो रिकामाच बाहेर काढला.

"सुभद्रा," ते हळू आवाजात म्हणाले, "तुला आणायचंच विसरलो बघ."

आणि ती होती, माझ्या आत, त्यांच्याच पायाखाली. मित्रांनो, मला दुखत नाही, मी चामड्याचा आहे. पण तेव्हा मला फार वाईट वाटलं, हे सांगतो.

परत वर चढून आम्ही हॉटेलवर आलो. तिकडे संध्याकाळ, म्हणजे लखनौत दुसरी सकाळ. रुचिराचा व्हिडिओ कॉल आला. बँकेत जायच्या घाईत, केस अजून ओले. साहेब बाहेरच्या बाकावर बसले होते, मी अजून पायातच होतो.

"देख लिया, पापा?"

"बघितली. तुझ्या आईची घळ बघितली."

"और आप कैसे हैं?"

"सुन्न."

विपुल चहा घेऊन आला होता. तो फोनमध्ये वाकून म्हणाला, "ताई, काका पहिल्या दिवसापासून सुन्नच आहेत. जागाच तशी आहे."

रुचिरा हसली नाही. तिनं कंगवा खाली ठेवला. "सुन्न कौन सा वाला, पापा? पैर वाला, कि मम्मी वाला?"

साहेबांचा चेहरा हलला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"दोन्ही," ते म्हणाले.

"जूता उतारिए. अभी. मेरे सामने."

मोजा बोटाला चिकटला होता. तो सुटला तसा विपुल चहा खाली ठेवून पायाशी बसला. अंगठ्याशेजारचं बोट खालून उघडं पडलं होतं आणि काळपट दिसत होतं. "जूता उलटा करके ठोकिए, भैया," रुचिरा त्याला म्हणाली. "मम्मी जैसे ठोकती थीं. दो बार."

विपुलनं मला उचललं. ठक. ठक. दुसऱ्या ठोक्याला जोडवं फरशीवर पडलं आणि गोल फिरून थांबलं.

साहेबांनी ते उचललं. "मी हिला दिवसभर तुडवलं, रुचू," ते म्हणाले, आणि रडू लागले. जानेवारीपासूनचं सगळं त्या बाकावर बाहेर आलं. तिकडे रुचिराही रडत होती, पण ती म्हणाली, "वो बाद में, पापा. पहले पैर."

"काका, तुम्ही सुन्न म्हणायचात, मला वाटलं..." विपुल म्हणाला.

"तुझी चूक नाही बेटा. मला सांगायचं नव्हतं."

तो साहेबांना लगेच दवाखान्यात घेऊन गेला. पुढचे दिवस ते बसमध्येच बसून राहिले आणि वासंतीबाई रोज त्यांच्यासोबत थांबल्या. लखनौला परतल्यावर डॉक्टरांनी ते बोट काढून टाकलं. म्हणाले, असेच आणखी दोन दिवस चालला असतात तर पाय गेला असता.

तेव्हापासून मी गॅलरीत आहे. साहेबांना आता मऊ तळाचे वेगळे बूट मिळालेत. माझी कुणाला आठवण नाही, आणि तक्रारही नाही माझी. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांचे पाय रोज एकदा हातात घेऊन बघत जा. बूट घालायच्या आधी उलटे करून आपटा. आणि कुणी सुन्न आहे म्हणालं तर आपल्याला कळलं असं समजू नका, परत विचारा.

रोज सकाळी दाराशी ठक, ठक ऐकू येतं. मग रुचिरा विचारते, "आज कौन सा वाला, पापा?" साहेब बहुतेक वेळा पायाचं सांगतात. काल म्हणाले, "पाय बरा आहे. आज तुझ्या आईवाला."

मग चप्पल काढल्याचा आवाज आला, आणि रुचिरा मराठीत म्हणाली, "सरका थोडं, मी बसते."

काल ती बँकेत उशिरा गेली.