झटक्याची वाट

तंत्रज्ञाने शेवटची तार ठकूच्या डोक्याला चिकटवली, वरून जाळीची टोपी ओढली आणि सगळ्या तारांची वेणी करून पाठीवर सोडली. लेपाच्या वासाने ठकूने नाक मुरडलं, पण ती हलली नाही. ही तिसरी खेप. एव्हाना ती यात तरबेज झाली होती.

"आरशात बघायचंय?" त्याने विचारलं.

"नको. मागच्या वेळी बघितलंय. उलट्या झाडूसारखं दिसतं."

तो हसला आणि त्याने एक बटण आईच्या हातात दिलं. "ताई, झटका आला की लगेच दाबा. आणि मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे आवाजही नोंदला जाईल. मी पलीकडच्याच खोलीत आहे."

मागच्या दोन्ही रात्री झटका इकडे फिरकलाच नव्हता. घरी मात्र आठवड्यातून एकदा तरी, पहाटेच्या सुमाराला, हमखास. तो मेंदूच्या कुठल्या भागातून उठतो हे तारांवर उमटल्याशिवाय औषध बदलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांच्याच सांगण्यावरून दोन दिवस गोळी अर्ध्यावर आणली होती. वर्षभर ज्याला 'येऊ नकोस बाबा' म्हणून हात जोडले, त्याच्यासाठीच आता पायघड्या घालून बसायचं.

आई बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांच्या छापील पानांचे फर्मे शिवायची. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे गोळे झाले होते आणि इथली खुर्ची अशी, की बसलं तर पाठ दुखावी, रेललं तर मान. दहाच्या सुमाराला मावशीचा फोन आला. आई दाराशी जाऊन हळू आवाजात बोलली.

"आज यायलाच हवा गं. पुन्हा रजा मागायला तोंड नाही मला. आणि खरं सांगू, माझ्याच्याने आता होतही नाही."

ठकू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

एक वाजला, दोन वाजले. आईने दोनदा तोंडावर पाणी मारलं. डुलकी लागून मान कलली की ती दचकून आधी पलंगाकडे बघायची, मग बटणाकडे.

पावणेतीनला पलंग करकरला. ठकूचा हात ताठ झाला, तोंड वाकडं झालं, पाय झाडायला लागले. आई ताडकन उठली. अंगठा बटणावर टेकला आणि तिथेच थांबला.

ताठ झालेला हात डावा होता. आणि डोळे गच्च मिटलेले होते, साबण गेल्यावर मिटतात तसे.

तेवढ्यात तंत्रज्ञ आत आला. "आला ना? कॅमेऱ्यात दिसला मला. तारांवर मात्र तसं काही दिसत नाही. वेळ लिहून घेऊ का?"

ठकूचा एक डोळा किंचित किलकिला झाला आणि पुन्हा मिटला.

"नको," आई म्हणाली. "हा तो नव्हे. स्वप्नात हात ताणला असेल."

त्याने दोघींकडे पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि "बरं" म्हणून गेला.

"ठकू, उघड डोळे."

ठकूने उघडले. "तूच म्हणालीस मावशीला, यायलाच हवा म्हणून."

आई चादरीची सुरकुती हाताने सारखी करत राहिली. "तसं म्हणायला नको होतं मी," ती शेवटी म्हणाली.

"काय चुकलं माझं?"

"हात. तुझा उजवा होतो."

"मला काय माहीत? बाबांनी बघितलाय, मावशीनं बघितलाय, शेजारच्या काकूंनीसुद्धा. मी सोडून सगळ्यांनी." ती उठून बसली. "दाखव ना. कशी करते मी?"

आईने एकदा दाराकडे पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलली, उजवा हात ताठ केला, बोटं वळवली, ओठाचा कोपरा ओढला, खांदा चार-सहा वेळा उडवला. घशातली ती घरघर मात्र तिने केली नाही. डोळेही फिरवले नाहीत. मनात दहा मोजून ती थांबली.

"एवढंच?"

"एवढंच."

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. "ताई, तुम्हाला काही होतंय का? येऊ का मी?"

ठकू फिसकन हसली, मग आईही. दोघींना हसू आवरेना.

"अहो, इकडे रेघा नाचायला लागल्यात," स्पीकर म्हणाला. "झोपा आता."

ठकू खरंच झोपली.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना ती घरघर सुरू झाली. आईने बटण दाबलं, लेकीला कुशीवर वळवलं आणि मोजायला लागली. चाळिसापर्यंत आवाज सरळ होता. पुढे तो घसरत गेला, तरी तिने एकही आकडा गाळला नाही. ब्याण्णवला ठकूचं अंग सैल पडलं.

"सगळं मिळालं, ताई," शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ म्हणाला. "अगदी स्वच्छ."

आईने मान हलवली. 'बरं झालं' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

उजाडल्यावर ठकूला जाग आली. जीभ जड होती.

"आला?"

"आला."

"तू दाखवलास तसाच होता?"

आईने तिच्या डोक्याखालची ओली उशी उलटी करून कोरडी बाजू वर घेतली.

"अगदी तसाच," ती म्हणाली, आणि टोपीची गाठ सोडायला लागली.