लाल गाडीच्या तोंडातला कापूस

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. घाटंजीतलं एक घर आहे. ओसरीला लागून एक खोली, आणि ती खोली पार वरपर्यंत कापसाने भरलेली. दार उघडलं की कापूस अंगावर येऊ नये म्हणून दारात फळी आडवी लावली आहे. भाव वाढेल या आशेने ज्यांच्या घरी असा कापूस साठवतात, त्यांना त्याची खाज मी वेगळी सांगायला नको. खोलीच्या भिंतीला टेकून टिनाची शेड आहे. शेडमध्ये ट्रॅक्टर असेल, असं वाटलं ना? नाही. तिथे एक लाल गाडी उभी आहे. दोन दारांची, दोनच सीटची, शर्यतीत पळवतात तशी. इतकी ठेंगणी, की तिच्यात बसणं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखंच. आता असं समजा, की ही गाडी तुमच्या बाबांची आहे आणि ती सांभाळायचं काम बाबांनी तुमच्यावर सोपवलं आहे.

आली डोळ्यांपुढे? मग आता तुम्ही नयनच्या जागी उभे आहात.

नयन सहावीत होती. तिचे बाबा, गोपालभाऊ, शेतकरी. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. पण जीव सगळा गाडीत. हैदराबादच्या एका माणसाकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. आसपास तशा गाड्या आणखी दोनच. पांढरी होती पांढरकवड्याच्या नजीरभाईंची. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान होतं. निळी होती दिग्रसच्या प्रेमसिंगभाऊंची. ते रस्त्यांची कंत्राटं घेत. तिघांनी मिळून फोनवर एक ग्रुप केला होता आणि त्यात सकाळपासून सल्ल्यांची देवाणघेवाण चाले.

नजीरभाई टाइप करत नसत, बोलूनच पाठवत. "गाडी लय दिवस उभी ठेवाची असन तर हँडब्रेक ओढू नका, भाऊ. चिपकते तो. चाकाले दगड लावा. अन् टायरमधी हवा थोडी जास्त भरून ठेवा, नाई तर खालून चपटे होतेत." प्रेमसिंगभाऊंना सांभाळण्यापेक्षा सजवण्यात रस. आज मागे पंख लावला, उद्या पुढे दिवे, परवा नवा हॉर्न.

"अजून एक हॉर्न लावला तर लोकं फाटक बंद करतीन, आगगाडी आली म्हणून," बाबा म्हणायचे.

"जळता तुमी," तिकडून उत्तर यायचं.

नयन नजीरभाईंचा प्रत्येक निरोप ऐकायची. कधी कधी पुन्हा लावून ऐकायची. याचं कारण असं, की तिने 'काहून?', म्हणजे 'का?', असं विचारलं, तर 'मोठी झाल्यावर समजेल' असं न म्हणणारे मोठ्यांपैकी ते एकटेच होते. एकदा ब्रेक कसा लागतो ते त्यांनी तिला बशी आणि दोन बोटांनी दाखवलं होतं. बशी फिरवायची, बोटांनी दोन्हीकडून धरायची. थांबली बशी. नयनने मग घरातल्या सगळ्या बश्या फिरवून पाहिल्या, आणि आईच्या हातचा धपाटाही खाल्ला.

हिवाळ्यात वेचणी सुरू झाली. बाबांना गाडीकडे पाहायला वेळ उरला नाही. गाडी शेडमध्ये उभी राहिली, आणि नजीरभाईंचा निरोप आला. "गोपालभाऊ, तुमच्या शेडच्या बाजूले कापूस हाय. उंदरं येतीनच. वायर खातेत ते. गाडीचे सारे तोंडं कपड्यानं बंद करा. मागचे सायलेन्सर, पुढचं हवा ओढाचं तोंड, सारं. अन् गाडी काढाच्या आंधी आठवणीनं बाहेर काढा."

"नयन, हे काम तुह्यं," बाबा म्हणाले.

तिचा चुलतभाऊ सोनू तिथेच होता. तो हसला. "पोट्टीले काय समजते गाडीतलं?"

"तुह्यापेक्षा जास्त समजते," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्या दिवसापासून नयन चालायला लागली की तिची मान जरा ताठच असायची.

तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या. सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांत गच्च बोळे बसवले. पुढच्या बंपरच्या आत, एका कडेला, इंजिन ज्यातून हवा ओढतं ते तोंड असतं. तिथवर पोचली तोपर्यंत चिंध्या संपल्या होत्या. आई शेतात. घरात शोधायचा कंटाळा. आणि बाजूलाच खोलीभर कापूस! नयनने विचार केला, कपडा कशाचा असतो? कापसाचाच ना. तिने फळीवरून हात घालून भरपूर कापूस घेतला, दाबून त्याचा गोळा केला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तो खोल बसवला. "लावलं सारं," तिने संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते खरंच होतं.

आता त्या रविवारकडे या. यवतमाळला, लोहाऱ्याच्या बाजूला एका मैदानावर गाडीवाल्यांचा मेळावा होता. तिघांनी आपापल्या गाड्या घेऊन जायचं ठरवलं होतं. बाबांच्या शेजारच्या सीटवर नयन बसणार होती. सकाळपासून ती घरात एका जागी ठरत नव्हती. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. तिचं आवरेपर्यंत बाबांनीच सायलेन्सरमधल्या चिंध्या उपसून काढल्या. पुढे वाकून पाहिलं. कपडा कुठे दिसला नाही. नयनने काढला असेल, असं त्यांना वाटलं.

पांढरी आणि निळी गाडी अंगणात येऊन थांबली. प्रेमसिंगभाऊंनी सगळे हॉर्न वाजवून दाखवले. आईने चहा ठेवला. बाबांनी ऐटीत किल्ली फिरवली.

लाल गाडी गुरगुरली. बाबांनी पाय दाबला. ती खोकली, थरथरली आणि बंद पडली. समोर एक पिवळा दिवा तेवढा लागून राहिला.

"होते होते," बाबा म्हणाले. "लय दिवसानं चालू केली ना."

पुन्हा किल्ली. पुन्हा खोकला. पुन्हा बंद.

ओसरीवर उभ्या नयनला तेव्हा आठवलं. एका पायाने ती दुसऱ्या पायाची पोटरी खाजवायला लागली. कापूस. तो तिने काढलाच नव्हता.

"बॅटरी बसली," प्रेमसिंगभाऊ म्हणाले.

"बॅटरी बसली असती तर फिरली असती का?" नजीरभाई म्हणाले. "पेट्रोल जुनं झालं. टाकी फुल ठेवली होती का, भाऊ?"

"अर्धी होती."

"मी सांगतलं होतं, फुल ठेवा."

"शेतकऱ्याच्या घरी राहून तिले डिझेलची आदत लागली असन," प्रेमसिंगभाऊ म्हणाले. "पाजा घोटभर!"

"बाबा," नयन खाली उतरून म्हणाली, "ते हवेचं तोंड..."

"थांब ना वं, मोठे बोलून राह्यले. जाय, पान्यांचा डबा आण."

ती धावत गेली, डबा घेऊन धावत आली. येता येता तिच्या मनात एक वेगळाच विचार आला. सांगायचं कशाला? हे लोक चहाला ओसरीवर गेले, की हात घालून गुपचूप काढून टाकू. गाडी चालू होईल, कुणाला काही कळणारही नाही. सांगितलं, तर सोनूच्या कानावर जायला वेळ लागणार नाही. बाबा गाडीला हात लावू देतील का पुन्हा?

पण चहा अंगणातच आला. प्रेमसिंगभाऊ कप घेऊन नेमके लाल गाडीच्या पुढच्या बंपरला टेकून उभे राहिले. नयन त्यांच्या डाव्या बाजूला गेली, मग उजव्या बाजूला.

"काय वं पोरी, काय हरवलं तुह्यं? तवापासून माह्या भवती फिरून राह्यली!"

"काई नाई, काका."

"मंग बस ना एका जागी. तुह्याकडे पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली."

बाबांनी बोनेट उघडलं. तिघांनी आत डोकी घातली. नयननेही बाजूने घातलं.

एक वायर कुरतडलेली होती. वरचं काळं आवरण गेलेलं, आतली तांब्याची तार चमकत होती. आणि बॅटरीच्या बुडाशी, कोपऱ्यात, बारीक काळपट टरफलांचा ढीग पडला होता.

"उंदीर," बाबा म्हणाले.

"कपडा लावला होता ना?" नजीरभाईंनी विचारलं.

"लावला होता. मी आताच काढला. तुमी सांगतलं तसाच लावला होता."

नयन टरफलांकडे पाहत होती. ती तिने हजारदा पाहिली होती, खोलीच्या कोपऱ्यात, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे. सरकीची, म्हणजे कापसातल्या बियांची, टरफलं. वेचलेल्या कापसात सरकी असते, हे घाटंजीतल्या दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. उंदीर कापूस खायला येत नाहीत, त्यातली सरकी खायला येतात. चिंधीत सरकी नसते. तिच्या गोळ्यात मात्र ती भरपूर होती. उंदरांपासून वाचवायला म्हणून तिने उंदरांचं जेवण गाडीच्या तोंडात ठेवलं होतं. उंदीर जेवायला आले, मग आतच हिंडले, आणि वायर दातांखाली आली. सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं.

बाकीचे मात्र तिच्याकडे पाहत नव्हते.

"मंग फायदा काय झाला कपड्याचा?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. दीड महिना गाडी जिवापाड जपली, आणि आज सगळ्यांसमोर ही अशी. "रोज निरोप. हे करा, ते करा. ऐकलं ना मी सारं? पाहा काय झालं ते!"

"भाऊ, माह्या गाडीत आजवर उंदीर नाई शिरला. मी पण हेच करतो."

"तुमची गाडी दुकानात राह्यते. फरशीवर. इथची गोष्ट तुमाले कायले समजन? दुकानात बसून सल्ले देणं सोपं हाय."

"दुकानात बसून?" नजीरभाई हळू म्हणाले. "तुमचे टायर पाहाले मी हैदराबादले गेलतो, ते पण दुकानात बसून होय?"

"ते मोजून दाखवा आता!"

"अरे यार, उंदराच्या पायी कायले भांडता?" प्रेमसिंगभाऊ म्हणाले. "उंदरालेच घ्या ना ग्रुपमधी." कुणी हसलं नाही. त्यांनी कप ओसरीवर ठेवला आणि बंपरपासून दूर झाले.

नजीरभाईंनी खिशातून किल्ली काढली. "ठीक हाय. माह्या सल्ल्यानं नुकसान झालं म्हणता, तर झालं. आता काई सांगनार नाई. ना ग्रुपमधी, ना घरी येऊन. वहिनी, येतो." चहा त्यांनी अर्धाच प्यायला होता.

आता सांगा, काय चाललं असेल नयनच्या मनात? तुम्ही तिच्या जागी आहात, हे विसरू नका. बंपर मोकळा झाला होता. सगळे पाठमोरे होते. तिला हवी होती ती संधी समोर आली होती. पण त्या गुपचूप कामाने गाडी वाचली असती. अंगणातून निघून चाललेले नजीरभाई मात्र थांबले नसते. त्यांनी कपडा सांगितला होता. सल्ला बरोबर होता. हे त्या अंगणात फक्त तिलाच माहीत होतं.

ती दोन पावलं लाल गाडीकडे गेली, तीन पावलं पांढऱ्या गाडीकडे. पुन्हा मागे फिरली. पांढऱ्या गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला. इंजिन सुरू झालं. एका झटक्यात.

नयन पळाली. मागे सरकणाऱ्या गाडीच्या खिडकीवर तिने दोन्ही हात आपटले.

"चाचा, थांबा! कपडा नव्हता!"

काच खाली आली. "काय म्हनते?"

"पुढच्या तोंडाले कपडा नव्हता. चिंध्या संपल्या होत्या. मी कापूस लावला. आपल्या खोलीतला." तिने एक श्वास घेतला. "सरकीवाला."

नजीरभाईंनी इंजिन बंद केलं. बाबा बोनेटचा काठ धरून तसेच उभे होते.

"सरकीवाला," प्रेमसिंगभाऊ पुटपुटले. "मंग उंदराचं काय चुकलं?"

"कोनी सांगतलं तुले कापूस लाव म्हनून?" नजीरभाईंनी विचारलं. रागाने नाही. ती 'काहून' विचारायची, अगदी तसंच.

"कोणी नाई. मले वाटलं, कपडा कापसाचाच असते."

नजीरभाईंनी मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीही पहिला शब्द काढायला तयार नव्हतं. नजीरभाई गाडीतून उतरले नाहीत. पण किल्ली त्यांनी हातातच धरून ठेवली, फिरवली नाही.

नयनने वाट पाहिली नाही. ती लाल गाडीपाशी परत आली, मेळाव्यासाठी घातलेल्या नव्या फ्रॉकसकट धुळीत उताणी झाली आणि बंपरखालून खांद्यापर्यंत हात आत सारला. पहिल्यांदा हाताला आलं ते मातकट, ओलसर, अर्धं खाल्लेलं पुंजकं होतं. तिने ते सगळ्यांना दिसेल असं बाहेर मातीवर ठेवलं. आत अजून बरंच होतं. तिने तोंड एका बाजूला वळवलं, दात घट्ट मिटले आणि पुन्हा हात आत घातला.